जोखीम ज्याची त्याची?

‘ज्याची त्याची जोखीम, ज्याचा त्याचा निर्णय’ हे वाक्य आजकाल इतक्या सहजपणे उच्चारले जाते, की त्याला हरकत घेणारा माणूसच दुराग्रही ठरावा. प्रस्तुत लेखकाला तो आळ पत्करून हरकत घ्यायची आहे. निदान दोन बाबतींत हे वाक्य खोटे आहे: पिस्तूल बाळगण्याच्या आणि लस घेण्याच्या. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असे कोणी विचारील. माझ्यापुरता तो संबंध माझ्या एका मावसभावाने जोडून दिला.

हा मावसभाऊ माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. गेली बावीस वर्षे तो अमेरिकेत, टेक्सास राज्यात, राहतो. माणूस कमालीचा हिशेबी. घराचे कर्ज, मुलाच्या कॉलेजची तरतूद, गाडीचा विमा, सगळ्याचे तक्ते त्याच्या संगणकात तयार असतात आणि विचारले तर तो ते दाखवतोही. २०२० च्या उन्हाळ्यात त्याने पिस्तूल विकत घेतले. २०२१ मध्ये करोनाची लस घेतली नाही. दोन्ही निर्णयांचे समर्थन तो एकाच वाक्यात करतो: ‘अरे, मी माझी रिस्क मोजली आहे.’ तो राहतो ते राज्यही या बाबतीत त्याच्या पाठीशी आहे. १ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासमध्ये एकवीस वर्षांवरील, कायद्याने अपात्र न ठरलेल्या माणसाला परवान्याशिवाय पिस्तूल जवळ बाळगून हिंडता येते. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात तेथील गव्हर्नरांनी कोणत्याही संस्थेने कोणावर लसीची सक्ती करू नये असा हुकूम काढला. स्वतःची जोखीम स्वतः तोलणाऱ्या नागरिकाचे असे कोडकौतुक क्वचितच कोठे झाले असेल.

आमच्या नातेवाइकांत यावर जी चर्चा झाली तिचा सूर थट्टेचा होता. आयुष्यात कदाचित कधीच न येणाऱ्या दरोडेखोरासाठी उशाशी पिस्तूल, आणि दारात येऊन उभ्या असलेल्या साथीसाठी एक सुईही नको, काय ही विसंगती! कोणी तरी हे फार चटकदार शब्दांत लिहिले आणि मीही त्याला दाद दिली. ती दाद आज मला परत घ्यायची आहे. कारण ही विसंगती नव्हे. दादा पूर्णपणे सुसंगत आहे, आणि नेमका तोच काळजीचा भाग आहे.

कसा ते पाहा. पिस्तूल त्याच्या हातात आहे. केव्हा काढायचे, कोणावर रोखायचे, चाप ओढायचा की नाही, हे सारे तो ठरवणार. लस दुसऱ्याने बनवलेली, दुसऱ्याने तपासलेली, तिसऱ्याने टोचलेली. एकदा दंडात गेली की तिच्यावर त्याचा ताबा नाही. आपल्या हातून घडणारे ते सुरक्षित आणि परक्याच्या हातून होणारे ते धोक्याचे, हे त्याचे सूत्र दोन्हीकडे सारखेच लागू पडते. शिवाय आपण काही केल्यामुळे झालेली हानी आणि काही न केल्यामुळे झालेली हानी यांत माणसाचे मन फार मोठा फरक करते. रिटोव्ह आणि बॅरन या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली हे लसीच्याच उदाहरणाने दाखवले: रोगाने जितकी मुले दगावतील त्याहून लसीने दगावणारी मुले स्पष्टपणे कमी आहेत असे सांगूनही अनेक जण लस टोचून घ्यायला तयार होईनात. रोगाने मूल गेले तर दैव, लसीने गेले तर मी मारले. या भावनेला मूर्खपणा म्हणून चालणार नाही. ती बहुतेक आईबापांच्या पोटात असते. तेव्हा थट्टा करणाऱ्यांनी आधी एवढे समजून घ्यावे, की आपला प्रतिपक्ष गणितात कच्चा नाही. त्याचे गणित पक्के आहे. त्याच्या तक्त्यात रकाने कमी आहेत, एवढेच.

रकाने कोणते, ते पिस्तुलापासून पाहू. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातील किंग काउंटीत, म्हणजे सिॲटल शहर ज्यात येते त्या भागात, १९७८ ते १९८३ या सहा वर्षांत घरातच ठेवलेल्या बंदुकीने त्याच घरात झालेले मृत्यू आर्थर केलरमन आणि डोनाल्ड रे या दोघा डॉक्टरांनी मोजले. एकूण ३९८ भरले. त्यांपैकी स्वसंरक्षणार्थ झालेले ९. अपघाताने १२, गुन्हा ठरलेल्या हत्या ४१, आणि आत्महत्या ३३३. हे आकडे १९८६ साली प्रसिद्ध झाले तेव्हापासून बंदूकवाल्यांचा त्यावर आक्षेप असा, की येथे फक्त प्रेते मोजली आहेत. नुसते पिस्तूल दाखवल्याने जो चोर पळून गेला तो यात कोठे आहे? आक्षेप रास्त आहे. पळून गेलेल्या चोराचे प्रेत शवागारात येत नाही. म्हणून हा हिशेब शेवटचा मानू नये. दुसरा एक घेऊ, जो मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

कॅलिफोर्नियात पिस्तुलाच्या खरेदीची सरकारदरबारी नोंद होते. त्या नोंदी आणि मृत्यूच्या नोंदी एकमेकींशी जोडून स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २००४ ते २०१६ या काळातील सुमारे १ कोटी ७६ लाख प्रौढांचा मागोवा घेतला. या अभ्यासाचा विशेष असा, की यांतल्या एकाही माणसाच्या स्वतःच्या नावावर पिस्तूल नव्हते. काही जण पिस्तूलधारकाबरोबर एका घरात राहत होते, काही राहत नव्हते, एवढाच भेद. २०२२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पिस्तूलधारकाबरोबर राहणाऱ्यांची हत्या होण्याचे प्रमाण इतरांच्या दुपटीहून अधिक निघाले. घरात नवऱ्याच्या वा जोडीदाराच्या गोळीने मरण्याचे प्रमाण सातपट. आणि अशा रीतीने मेलेल्यांत शंभरात ८४ स्त्रिया. त्या पिस्तुलाने घरातल्या इतरांचे काही रक्षण केले, असा पुरावा संशोधकांना आढळला नाही.

आता ‘माझी रिस्क मी मोजली’ या वाक्याकडे पुन्हा पाहा. त्यातला ‘मी’ कोण आणि ‘माझी’ म्हणजे कोणाची? पिस्तूल घेणारा एक, बहुधा पुरुष. त्या पिस्तुलासोबत राहणारी दुसरी. तिने दुकानात जाऊन कोणता अर्ज भरलेला नाही, नेमबाजीच्या मैदानावर ती गेलेली नाही, तिच्या मनात दरोडेखोराचे भयही कदाचित नाही. पण सातपटीचा आकडा तिच्या नावावर लागलेला आहे. घरात वयात येणारा मुलगा असेल तर आणखी एक रकाना उघडतो, आणि त्यात भरायचा मजकूर लिहिताना माझा हात अडखळतो. अमेरिकेत २०२१ साली बंदुकीने ४८,८३० माणसे मेली. त्यांतली निम्म्याहून अधिक आपल्याच हाताने. निराशेचा झटका येतो तसा पुष्कळदा ओसरतोही. मात्र तेवढ्या वेळात हाताशी काय आहे यावर सगळे अवलंबून असते.

जाता जाता एक. ज्यांना स्वतःची जोखीम स्वतः मोजण्याचा हक्क इतका प्यारा, त्यांनी मोजमापाचे स्वागत करायला हवे होते. घडले उलटे. घरात बंदूक असल्याने घरात हत्या होण्याची शक्यता वाढते, असे दाखवणारा केलरमन यांचा दुसरा अभ्यास १९९३ साली आला. तीन वर्षांनी अमेरिकी काँग्रेसने रोगनियंत्रण केंद्राच्या पैशातून बंदूक-नियंत्रणाचा पुरस्कार होता कामा नये असे कलम घातले आणि तेथील या विषयाच्या अभ्यासाइतकीच, म्हणजे २६ लाख डॉलरांची, रक्कम त्या कामातून काढून घेतली. इशारा सर्वांना समजला. या संशोधनासाठी म्हणून काँग्रेसने पुन्हा पैसे मंजूर केले ते २०१९ च्या डिसेंबरात. मधली वीसहून अधिक वर्षे ‘तुमची जोखीम तुम्ही तोला’ असे सांगायचे आणि तराजू माळ्यावर टाकायचा, असा हा व्यवहार चालला.

हे सगळे तिकडचे, आपल्याला काय त्याचे, असे म्हणण्याची सोय आहे. आपल्याकडे शस्त्र परवाना मिळवणे कठीण, आणि ते तसेच असावे. तरी परवाना मिळवून नीट सांभाळलेले शस्त्रही कोणाचा मुलाहिजा ठेवत नाही. १ ऑक्टोबर २०२४ रोजी मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्या स्वतःच्या परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून सुटलेली गोळी त्यांच्याच पायात शिरली. दरोडेखोर कोणी आलेला नव्हता.

मराठीचा मास्तर असल्यामुळे मला येथे एका शब्दाशी थांबावेसे वाटते. ‘जोखीम’ हा शब्द आपण आज केवळ धोका या अर्थाने वापरतो. पण जुन्या सराफी व्यवहारात ‘जोखमी हुंडी’ नावाचा एक प्रकार असे. परदेशी माल धाडणारा व्यापारी ही हुंडी लिही. सावकार ती विकत घेऊन त्याला रोकड देई. आणि माल ठरल्या बंदरी सुखरूप उतरला तरच सावकाराचे पैसे परत येत. गलबत बुडाले तर रक्कम सावकाराची बुडाली. म्हणून सावकार ती हुंडी कमी किमतीला घेई. यातली नीती लक्षात घेण्यासारखी आहे. जोखीम एकाची दुसऱ्यावर जात असे, हे कोणी लपवत नव्हते. परंतु ती कोणावर जाते ते कागदावर असे, ज्याच्यावर जाते त्याला ते ठाऊक असे, आणि त्याला तिचा मोबदला मिळे. उशाशी पिस्तूल ठेवणाऱ्या गृहस्थाने आपल्या बायकोवर अशीच एक हुंडी लिहिलेली असते. तिची सही नाही, तिला मोबदला नाही, आणि हुंडी लिहिली गेल्याचेही तिला माहीत नाही.

लसीच्या बाबतीत हाच व्यवहार उलट्या दिशेने कसा चालतो हे कळण्यासाठी तीनशे वर्षे मागे जावे लागेल, आणि जागा पुन्हा अमेरिकाच आहे. १७२१ साली बोस्टन शहरात देवीची भयंकर साथ आली. कॉटन मॅथर या धर्मोपदेशकाच्या घरी ओनेसिमस नावाचा आफ्रिकी गुलाम होता. आपल्या मुलखात देवीच्या फोडातील द्रव निरोगी माणसाच्या कातडीखाली घालतात आणि मग त्याला मोठी देवी येत नाहीत, असे त्याने मॅथरला पूर्वीच सांगितले होते. मॅथरच्या आग्रहावरून झॅब्डिएल बॉइल्स्टन या वैद्याने प्रथम स्वतःच्या मुलावर आणि मग इतरांवर हा प्रयोग केला. टोचलेल्या सुमारे अडीचशे माणसांपैकी सहा दगावली. न टोचता ज्यांना देवी आल्या अशा सुमारे सहा हजारांपैकी ८४४ मेली. शेकडा दोन-अडीच आणि शेकडा चौदा. आकडे इतके बोलके असूनही शहर खवळले. नोव्हेंबरात कोणी तरी मॅथरच्या घरात पेटता हातबॉम्ब फेकला. तो फुटला नाही, हे नशीब.

ही गोष्ट सहसा अज्ञानी जमाव विरुद्ध ज्ञानी वैद्य अशी सांगितली जाते. मलाही ती तशीच शिकवली गेली. पण विरोधकांचा एक मुद्दा अगदी बिनतोड होता. त्या काळची ती पद्धत खऱ्या देवीचेच विष टोचण्याची होती. टोचून घेतलेल्याला सौम्य का होईना, देवीच येत, आणि त्याच्यापासून शेजाऱ्याला होणाऱ्या देवी मात्र सौम्य नसत. म्हणजे टोचून घेणारा स्वतःची जोखीम चौदावरून दोनवर आणत होता आणि उरलेली गल्लीत वाटत होता. त्याचा तक्ता बरोबर होता. शेजारी त्या तक्त्यात नव्हता. माझ्या मते त्या सुईचे खरे भावंड आजची लस नव्हे. ते उशाचे पिस्तूल आहे. मी सुरक्षित, बाकीच्यांचे ते पाहतील.

१७९६ साली एडवर्ड जेनरने गायीच्या देवीची लस टोचली तेव्हा वैद्यकापेक्षाही मोठा बदल झाला तो या दिशेचा. गायीच्या देवीपासून शेजाऱ्याला माणसाच्या देवी होत नाहीत. टोचून घेणाऱ्याची जोखीम घटली आणि तिच्याबरोबर शेजाऱ्याचीही घटली. सहाच वर्षांनी, १४ जून १८०२ रोजी, ही लस आपल्या मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. हिंदुस्थानातली ती पहिली. पुढे खेडोपाडी ‘देवी काढणारे’ हिंडू लागले. माझ्या आईच्या दंडावर ती खूण आहे, माझ्या दंडावर नाही. माझ्यावर वेळच आली नाही, कारण १९८० साली देवी जगातून गेल्याचे जाहीर झाले. आईच्या पिढीने दंडावर जखमा सोसल्या म्हणून माझा दंड कोरा राहिला. त्यांनी कोणता तक्ता मांडला होता, कोणास ठाऊक. (हिंदीत लसीला ‘टीका’ म्हणतात आणि मराठीत टीका म्हणजे काय ते येथल्या वाचकांना सांगायला नको. घेताना त्रास आणि गुण मात्र घेतला तरच, एवढे साम्य दोन्हींत आहे.)

आज हे सगळ्यात स्पष्ट दिसते ते गोवराच्या बाबतीत. गोवर इतका संसर्गजन्य, की शंभरातील सुमारे ९५ जणांना संरक्षण असल्याखेरीज साथ थोपत नाही. दोन डोस घेतलेल्यांपैकी सुमारे ९७ टक्क्यांना तो होत नाही. रोग झालेल्या हजार मुलांत एक ते तीन दगावतात. आणि तान्ह्या बाळांना ही लस देत नाहीत. अमेरिकेत पहिला डोस वर्ष पुरे झाल्यावर, आपल्याकडे नवव्या महिन्यानंतर. म्हणजे पाळण्यातल्या बाळाचे संरक्षण सर्वस्वी इतरांच्या दंडावर अवलंबून. टेक्सासमध्ये २००३ पासून ‘सदसद्विवेकाला पटत नाही’ एवढ्या कारणावर शाळेत घालायच्या मुलाला लसीतून सूट मिळवता येते. जानेवारी २०२५ मध्ये त्या राज्याच्या पश्चिम भागात, गेन्स काउंटीच्या परिसरात, गोवराची साथ सुरू झाली. १८ ऑगस्टला ती संपल्याचे जाहीर झाले तोवर ७६२ रुग्णांची नोंद झाली होती. त्यांत दोन मुले मेली. शाळेत जाण्याच्या वयाची, दोघेही लस न घेतलेली. सदसद्विवेक आईबापांचा होता.

त्याच्या शेजारी २०२२ च्या हिवाळ्यातली मुंबई ठेवतो. गोवंडीत गोवर पसरला, मुले दगावली. तेथेही लस न मिळालेली मुले पुष्कळ होती. परंतु तेथे कोणी तत्त्व मांडून बसले नव्हते. टाळेबंदीत लसीकरणाचे वेळापत्रक मोडले होते, माणसे गावी जाऊन परतली होती, दहा बाय दहाच्या खोलीत आठ-दहा जण राहत होते. निवड करण्याची चैन ज्यांना परवडते त्यांचे शब्द उधार घेऊन जेव्हा आमच्याकडील सुशिक्षित माणूस ‘ज्याचा त्याचा निर्णय’ म्हणतो, तेव्हा मला गोवंडीची आठवण होते आणि राग येतो. तो लपवण्याचे कारण मला दिसत नाही.

मात्र रागाच्या भरात प्रतिपक्षाचे खरे ते नाकारू नये. करोनाच्या लसीबाबत २०२१ साली आपण सर्वांनीच थोडे चढवून सांगितले. ‘दुसऱ्यांसाठी घ्या’ असे तेव्हा म्हटले गेले. गंभीर आजार आणि मृत्यू त्या लशींनी मोठ्या प्रमाणात टाळले. परंतु संसर्ग थोपवण्याची त्यांची शक्ती काही महिन्यांत उतरे, आणि वर्षअखेरीस ओमिक्रॉन आल्यावर लस घेतलेलेही सर्रास एकमेकांना रोग देऊ लागले. दादा हे मला ऐकवतो आणि तो बरोबर असतो. गोवराच्या लसीबाबत जो युक्तिवाद पोलादासारखा आहे तो करोनाच्या लसीबाबत पुष्कळ पातळ होता. हे मान्य केले म्हणजे पुढचे बोलण्याचा अधिकार राहतो.

लसीने कधीच कोणाचे काही बिघडत नाही, हेही खरे नाही. पुण्यात बनलेली कोव्हिशील्ड मी दोनदा घेतली. एप्रिल २०२४ च्या अखेरीस बातमी आली, की या लसीमुळे अत्यंत क्वचित प्रसंगी रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात असे ती विकसित करणाऱ्या कंपनीने इंग्लंडच्या न्यायालयात मान्य केले आहे. माहिती नवी नव्हती. तीन वर्षांपूर्वीच ती प्रसिद्ध झालेली होती. असा प्रकार घडला तर तो डोसनंतरच्या काही आठवड्यांत घडतो, हेही मी वाचलेले होते. तरी त्या रात्री मी बराच वेळ छातीवर हात ठेवून पडून राहिलो. तेव्हा भीती कशी असते ते मला कोणी शिकवू नये.

पण त्याच लसीच्या बाबतीत इंग्लंडमध्ये काय झाले ते पाहण्यासारखे आहे. एप्रिल २०२१ मध्ये केंब्रिजच्या संख्याशास्त्रज्ञांनी वयोगटवार तक्ता मांडला. साथीचा जोर कमी असताना विशीतल्या एक लाख माणसांना ही लस दिली तर सोळा आठवड्यांत अतिदक्षता विभागात जाण्यापासून ०.८ माणसे वाचत होती आणि गुठळ्यांचा गंभीर त्रास १.१ जणांना होण्याची शक्यता होती. साठीतल्यांसाठी हेच आकडे १४.१ आणि ०.२ असे होते. ७ एप्रिलला तेथील तज्ज्ञ समितीने तिशीच्या आतल्यांना शक्यतो दुसरी लस द्यावी असे सुचवले. जोखीम मोजणे म्हणतात ते याला. ज्याच्याविरुद्ध आकडा जातो त्याला तो उघडपणे सांगायचा आणि त्याच्यासाठी दुसरी वाट काढायची. बंदुकीच्या बाजूने असा एक तरी कागद मला दाखवावा, ज्यात विकणाऱ्याने घेणाऱ्याला सांगितले आहे की तुझ्या घरात सोळा वर्षांचा मुलगा असेल तर हे तू घेऊ नयेस.

न घेतल्याचा पश्चात्ताप म्हणजे काय, याची साक्ष पुन्हा बोस्टनचीच आहे. १७२१ च्या त्या वादात टोचण्याच्या विरोधात आघाडीवर असलेले एक वृत्तपत्र जेम्स फ्रँकलिन काढत असे; त्याचा धाकटा भाऊ बेंजामिन तेथे उमेदवारी करत होता. पुढे बेंजामिन टोचण्याचा पुरस्कर्ता झाला, आणि तरीही १७३६ साली त्याचा चार वर्षांचा मुलगा न टोचता देवीने गेला. आत्मचरित्रात त्याने याचा कडू पश्चात्ताप नोंदवला आहे: टोचल्याने मूल गेले तर स्वतःला क्षमा करता येणार नाही म्हणून जे आईबाप थांबतात, त्यांनी जाणावे की न टोचतानाही तेच दुःख वाट्याला येऊ शकते, मग कमी धोक्याचे का निवडू नये. करणे आणि न करणे यांतला फरक मूल गेल्यावर उरत नाही, हे त्याला मूल गेल्यावर कळले.

उरतो सक्तीचा प्रश्न. केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथील हेनिंग जेकबसन या पाद्र्याने देवीची लस नाकारली. लहानपणी लसीने आपल्याला फार त्रास झाला होता, असे त्याचे म्हणणे. दंड पाच डॉलर. तो थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९०५ साली हरला. व्यक्तिस्वातंत्र्य म्हणजे इतरांना होणाऱ्या इजेचा विचार न करता वागण्याची मुभा नव्हे, असा निकालाचा आशय. त्याच न्यायालयाने २००८ साली घरात पिस्तूल ठेवणे हा व्यक्तीचा हक्क ठरवला आणि २०२२ साली ते घेऊन बाहेर हिंडणेही. इतरांना होणारी इजा १९०५ साली तराजूत होती. २०२२ साली राज्यांनी तिचा हवाला देऊ नये, जुन्या कायद्यांची परंपरा काय ती दाखवावी, असे ठरले. अर्थात १९०५ चा निकालही निष्कलंक नाही. १९२७ साली त्याचाच आधार घेऊन ‘मंदबुद्धी’ ठरवलेल्या स्त्रीची सक्तीने नसबंदी करणे वैध ठरवले गेले. सरकारची सुई पाहून ज्याच्या अंगावर काटा येतो त्याला इतिहासाची साथ आहे. पुणेकरांना हे वेगळे सांगायला नको. १८९७ साली प्लेगच्या बंदोबस्ताच्या नावाखाली घराघरांत जे झाले त्याचा शेवट २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत गोळ्यांनी झाला. त्याच वर्षी जानेवारीत मुंबईत हाफकिनने प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. लोकांच्या घरात शिरणारा अधिकारी आणि स्वतःच्या अंगावर प्रयोग करणारा शास्त्रज्ञ यांच्यात फरक करायला आपण तेव्हा चुकलो, आणि २०२१ मध्येही पुष्कळांचे चुकले. म्हणून मी दादाला कोणी धरून टोचावे असे म्हणत नाही. ‘माझी’ रिस्क हा शब्द त्याने सोडून द्यावा, एवढेच माझे मागणे आहे.

हे मी त्याला फोनवर कधी म्हणालो नव्हतो. थट्टेत दाद दिली, वाद घातला, आकडे फेकले. साधा प्रश्न विचारला नाही, कारण तो घरातला प्रश्न होता आणि आपल्यात थोरल्या भावाला असे विचारत नाहीत. हा लेख लिहायला घेतल्यावर मागच्या रविवारी विचारला. दादा, ते कुलपात असते का? तो हसला. ‘असतं की. नंबरचं लॉक आहे.’ नंबर कोणाला माहीत आहे? ‘मला. आणि याला. अरे, मी त्याला शिकवलंय सगळं, रेंजवर नेतो ना दर महिन्याला. उद्या मी घरात नसलो तर?’ वहिनींना? तो क्षणभर थांबला. मग त्याने स्वयंपाकघराकडे हाक मारली. वहिनी फोनवर आल्या, त्यांनी आईच्या गुडघ्याची चौकशी केली, इकडे पाऊस कसा आहे ते विचारले. नंबराचे मी विचारले तेव्हा म्हणाल्या, ‘मला नाही हो माहीत. मला त्याची भीतीच वाटते. ते दोघं बघतात ते.’